रात्रीचा राग वेगळा, झोपेचा वेगळा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पहिले काही आठवडे तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. दुखणं गोळीने आवरायचं, पण कूस बदलता येत नाही म्हटल्यावर ती नुसती छताकडे बघत पडून राहायची. मी बरीच वर्षं गाणं शिकते आहे, त्यामुळे मला वाटलं, हे काम आपलं. रात्री अकराला मालकंस लावला. रात्रीचा राग, धीरगंभीर, यापेक्षा योग्य काय असणार? पंचवीस मिनिटं सगळं उत्तम चाललं. आईचा श्वास लांबला, हात सैल पडला. मग द्रुत, म्हणजे जलद लयीचा भाग, सुरू झालं, तबला उसळला, तानांवर ताना आल्या आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट. आई टक्क जागी. "छान रंगलं गं," म्हणाली, "पण झोप गेली माझी."

त्या रात्री जे कळलं तेच आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपलं रागसंगीत चढत जातं. आधी आलाप, म्हणजे तालाशिवायचा संथ विस्तार, मग वेग वाढवत जोड आणि झाला; किंवा विलंबित म्हणजे संथ, मग द्रुत, मग तराणा. सुरुवात संथ आणि शेवट वेगवान. झोपेला याच्या नेमकं उलट हवं असतं. आणि रागांच्या ठरलेल्या वेळांचा, प्रहरांचाही आपण चुकीचा अर्थ लावतो. रात्रीचा राग म्हणजे रात्री जागून ऐकायचा राग. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढे कितीतरी वर्षं तो रात्र-रात्र चालायचा. शाली गुंडाळून पहाटेपर्यंत बसणारी ती माणसं दरबारी ऐकत झोपायला आलेली नव्हती, झोप मोडायला आलेली होती. तेव्हा "झोपेसाठी कोणता राग?" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा: या रेकॉर्डिंगमध्ये विसाव्या मिनिटाला काय होतं?

आधी स्वतःकडे बघा

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं असेल, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत; त्यातला पहिला सहसा गोळीचा नसतो, विचार आणि झोपेच्या सवयी बदलण्याचा असतो. घोरताना मध्येच श्वास थांबतो असं घरचे सांगत असतील किंवा दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल, तर गाणी शोधत बसू नका, दवाखान्यात जा.

बाकीच्यांनी अंथरुणावर पडल्यावर एकच गोष्ट तपासायची: मला जागं कोण ठेवतंय? बाहेरचा आवाज की डोक्यातला? रस्त्यावरची वाहनं, शेजारचा टीव्ही, घोरणारे आजोबा हे बाहेरचे आवाज. त्यांच्यावर पांघरूण घालणारा, अजिबात न बदलणारा नाद लागतो. उद्याची मीटिंग, हप्ते, मुलाची फी हे डोक्यातले. त्यांना हटवायला मनाला धरून चालता येईल असा सूर हवा, म्हणजे हळूहळू हलणारा आलाप. दुखण्यामुळे जागे असाल तर तेही याच दुसऱ्या गटात. ही विभागणी मी अनुभवातून केली आहे, पण अजूनपर्यंत ती मला दगा देत नाही.

दिवसा करायची पाच मिनिटांची चाचणी

रात्री अंधारात पडून गाणी चाळू नका. फोनचा उजेड डोळ्यांवर आणि "हे नको, ते लावू" यात अर्धा तास सहज जातो. निवड दुपारीच करून ठेवा.

रेकॉर्डिंग उघडा. सुरुवातीचं एक मिनिट ऐका. मग बोटाने पुढे सरकवून दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या मिनिटावर वीस-वीस सेकंद थांबा. शेवटची दोन मिनिटं पूर्ण ऐका. प्रत्येक ठिकाणी फोनच्या आवाजाला हात लावायचा नाही. एखाद्या जागी हात आपोआप आवाज कमी करायला गेला, तर ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं झोपेसाठी बाद. तबल्याची पहिली थाप कुठे पडते ते लिहून ठेवा, तो मिनिट पुढे कामाला येईल. मैफलीतलं रेकॉर्डिंग असेल तर "वाहवा", टाळ्या, माइकची खरखर हेही बघा. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग या कामाला बरं.

"मिनिटाला साठ ते ऐंशी ठोके असलेलं संगीत निवडा" असा सल्ला जागोजागी वाचायला मिळतो. पाश्चात्त्य संगीताला तो ठीक लागू पडतो, कारण आरामात पडलेल्या माणसाचं हृदयही साधारण त्याच गतीने चालतं. आपल्याकडे मात्र आलापाला ठोका नसतोच. आणि विलंबित एकतालात एकेक मात्रा चार-चार सेकंदांची असू शकते, बारा मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटाचं, तरी आत तबलजी मधल्या जागा बोलांनी भरत असतो. त्यामुळे आकडे मोजू नका. श्वास मोजा. एका श्वासात गाण्यात फार काही घडत नसेल तर ते चालेल.

काय लावायचं

अगदी नवख्या माणसाला मी भूप सुचवते. पाचच सूर, सा रे ग प ध, एकही कोमल-तीव्र नाही, कुठेही टोचत नाही. दुर्गाही तसाच सोपा. यमन सुंदर, पण त्यातला तीव्र मध्यम काही जणांना ओढून जागं करतो, असं मी दोन-तीन जणांकडून ऐकलं आहे. आपापलं करून बघा. बागेश्री मला स्वतःला फार प्रिय, पण तो विरहाचा राग. ज्याच्या घरात नुकतंच काही घडून गेलं आहे त्याने मध्यरात्री एकट्याने तो लावू नये. सारंगीबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. ती माणसाच्या गळ्याच्या इतकी जवळ जाते की डोळे मिटायच्या ऐवजी भरून येतात.

रागाच्या नावापेक्षा सप्तक महत्त्वाचं, हे पटण्यासाठी दरबारी आणि अडाणा शेजारी-शेजारी ऐका. दोघांचं कुटुंब एक, सूरही बहुतेक तेच. पण दरबारी मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरून कोमल गंधारावर झुलत राहतो आणि अडाणा तार षड्जाभोवती, म्हणजे वरच्या 'सा'भोवती, नाचतो. दोन्ही रात्रीचे. एक अंथरुणाशेजारी शोभतो, दुसरा मैफलीच्या शेवटी. सोहनीही असाच वरच्या सुरांतला, झोपेला नको.

वाद्यांमध्ये माझी पहिली पसंती रुद्रवीणा. धृपद या जुन्या, धीम्या शैलीच्या आलापात वीणाकार एका सुरावर इतका वेळ थांबतो की मन घाई करायचं विसरतं. झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी वीणेचे भोपळे आणि दांडी मोठी करून घेतली होती. त्या खर्जाचा नाद कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. पनवेलजवळच्या पळस्प्याला त्यांचं गुरुकुल आहे. मुंबई-पुणे प्रवासात तिथून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, असं मला दरवेळी वाटतं. त्यांचे आलाप दीर्घ आहेत, ताल लागायच्या खूप आधी तुमची झोप लागलेली असते.

बासरी सर्वांना आवडते, पण इथे सावध राहा. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी सुमारे ३२ इंच लांबीची मोठी बासरी शास्त्रीय संगीतात रुळवली ती मंद्रातली खोली मिळावी म्हणून. झोपेसाठी हवी ती हीच लांब बासरी, खालच्या सुरांतली. छोट्या बासरीचा वरचा सूर अंधारात सुईसारखा घुसतो. संतूरला तुटक थेंबांचा नाद आहे; काहींना तो पावसासारखा वाटतो, काहींना प्रत्येक थेंब मोजावासा वाटतो. मोजावासा वाटणारे त्या वाटेला न गेलेले बरे. सतार-सरोद झाल्याकडे फार लवकर धावतात, त्यांचा फक्त सुरुवातीचा आलाप घ्या.

गायन लावायचंच असेल तर शब्द नसलेलं, नोम-तोम अशा निरर्थक अक्षरांवरच्या आलापाचं. किंवा उस्ताद अमीर खाँसाहेबांसारखं अतिविलंबित, झुमरा या संथ तालातलं, ज्यात शब्द इतके ताणले जातात की अर्थ हातातून सुटून जातो. अर्थ कळला की मन त्याच्या मागे जातं, हीच शब्दांची अडचण.

ओळखीच्या गाण्यांचा फास

"बासरीवर जुनी गाणी", "पियानोवर जुनी गाणी" असे संच लोक झोपताना हौसेने लावतात. हे मी निक्षून टाळायला सांगते, आणि यामागे माझी नुसती आवड-निवड नाही. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी लोकांना लोकप्रिय गाणी ऐकवली, काहींना शब्दांसह आणि काहींना त्यांच्या नुसत्या वाद्यांवरच्या आवृत्त्या. डोक्यात गाणं घोळत राहण्याचा त्रास वाद्यांवरच्या आवृत्त्यांनी जास्त झाला, आणि ज्यांना तो झाला त्यांची झोपही बिघडली. विचार केला तर सरळ आहे. बासरीने पहिली ओळ वाजवली की शब्द तुम्ही मनात भरता, पुढचं कडवं आठवत बसता, तिसरं कडवं आठवत नाही म्हणून अस्वस्थ होता. मेंदू कामाला लागला, मग झोप कुठली?

आलापाचा मोठा गुण हाच, की तो गुणगुणता येत नाही.

ज्यांना रात्री नामस्मरण किंवा पाठ असलेलं स्तोत्र ऐकल्याशिवाय झोप येत नाही, त्यांनी माझं हे ऐकून ते सोडू नये. लहानपणापासून तीच खूण शरीराला लागलेली असते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मात्र शब्दांपासून दूर राहावं.

तुकडा कापून घ्या

आता तो लिहून ठेवलेला मिनिट काढा. समजा तबला बाविसाव्या मिनिटाला येतो. तर एकविसाव्या मिनिटाला रेकॉर्डिंग संपलं पाहिजे, आणि तेही झटकन नाही. अचानक पसरलेल्या शांततेनेही हलकी झोप मोडते. पंखा बंद पडला की आपण जागे होतो ना, तसंच.

तुमच्या मालकीच्या सीडीची किंवा विकत घेतलेल्या फाइलची स्वतःपुरती प्रत करा. संगणकावर ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल उघडा, तबल्याच्या आधीच्या मिनिटापासून पुढचा सगळा भाग निवडून काढून टाका. मग उरलेल्या भागाची शेवटची दोन-तीन मिनिटं निवडा आणि 'इफेक्ट' या यादीतलं 'फेड आउट' दाबा. आवाज हळूहळू उतरत शून्यावर जाईल. फाइल एमपीथ्री म्हणून साठवा, फोनमध्ये घाला, नाव द्या "झोप". पहिल्यांदा करताना अर्धा तास लागेल. हा सगळ्या लेखातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे आणि सर्वांत उपयोगीही.

संगणक नसेल तर टायमरवर भागवा. आयफोनमध्ये घड्याळाच्या अ‍ॅपमधला टायमर उघडून, वेळ संपल्यावर वाजणाऱ्या घंटीच्या जागी यादीच्या तळाशी असलेलं 'स्टॉप प्लेइंग' निवडा. स्पॉटिफायमध्येही झोपेचा टायमर आहे. टायमर तबल्याच्या मिनिटाच्या आधीचा लावा, आणि एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. यूट्यूबवर फुकट ऐकत असाल तर मध्येच येणारी जाहिरात सगळं धुळीला मिळवते, म्हणून फाइल फोनमध्ये उतरवलेली असलेली केव्हाही चांगली.

नुसता तानपुरा

बाहेरच्या आवाजाने जागे राहणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना कोणताच राग नको त्यांच्यासाठी, माझ्याकडे याहून चांगला उपाय नाही. तानपुरा कुठे जात नाही, कुठून येत नाही. त्यात चढ नाही, समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघणं नाही. आणि तरी तो कूलरच्या घरघरीसारखा मेलेला नाद नसतो. घोडीवर तारेखाली जवारीचा, म्हणजे गुंजन आणणारा, दोरा सरकवलेला असतो, त्यामुळे तार एकदाच छेडली तरी तिच्यातून सुरांमागून सूर उमलत राहतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर कानाने ही जवारी काढताना बघितलेत तर अर्धा दिवस तिथून हलणार नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा माझ्या बाईंनी क्लासमध्ये पेढे वाटले होते.

घरी खरा तानपुरा छेडत बसणारं कुणी नसतं. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा फोनमधलं तानपुऱ्याचं अ‍ॅप पुरतं. तीन गोष्टी लावायच्या. पहिली पट्टी, म्हणजे 'सा' किती उंचीवर ते: पुरुष साधारण काळी एकला गातात, बायका काळी चार-पाचला; झोपेसाठी मात्र स्वतःच्या गळ्याचा विचार करू नका, खालचीच पट्टी निवडा. खोलीत पंखा चालू असेल तर पट्टी थोडी वर-खाली करून बघा, एका ठिकाणी पंख्याची घरघर तानपुऱ्यात विरघळते. ती जागा तुमची. दुसरी गोष्ट पहिली तार: पंचम ठेवा, ते सर्वांत स्वस्थ. निषाद ओढ लावतो. तिसरी गोष्ट वेग, शक्य तितका कमी. चार तारांची एक फेरी तुमच्या एका निवांत श्वास-उच्छ्वासाएवढी झाली की थांबा.

आलापाच्या रेकॉर्डिंगमागे आणखी एक तानपुरा लावायचा मोह होतो. लावू नका. रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा तानपुरा असतोच, आणि दोन पट्ट्यांत किंचितही फरक पडला तर नाद थरथरतो आणि डोकं धरतं.

पट्टीवरून आठवलं. "४३२ हर्ट्झचं झोपेचं संगीत" म्हणून जे विकलं जातं त्यावर पैसे घालवू नका. आपल्या संगीतात षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे बदलतो, आणि शेकडो वर्षं लोक त्यावर सुखाने डुलत आले आहेत.

पावसाचे आवाजही याच गटातले. कोकणात जुलैमध्ये पत्र्यावर पडणारा पाऊस असताना रेकॉर्डिंग कशाला, पण मार्चमध्ये शहरातल्या फ्लॅटमध्ये ते चांगलं काम करतं. फक्त गडगडाट नसलेलं घ्या, आणि शेवटपर्यंत तपासून घ्या.

आवाज किती, स्पीकर कुठे

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा. ३० म्हणजे साधारण कुजबुज. माझं घरगुती माप असं: उशीवर डोकं ठेवल्यावर जेमतेम ऐकू यावं, खोलीच्या दारात उभं राहिलं तर कळू नये. पहिल्या रात्री हे फारच कमी वाटेल. कान पाच मिनिटांत सरावतात. बाहेर गोंगाट असेल तर थोडं वाढवा, पण गोंगाटावर मात करायला जाऊ नका. त्याच्या कडा बोथट झाल्या तरी पुरे.

स्पीकर डोक्याशी नको, पायांच्या बाजूला ठेवा. इअरफोन घालून झोपणं मला पसंत नाही. कुशीवर वळलं की कान दुखतो आणि रोज घातले तर मळ आत ढकलला जातो. शेजारी झोपणाऱ्याला संगीत नको असेल तर उशीत घालायचे चपटे स्पीकर मिळतात. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली कधीही ठेवू नका, तो तापतो.

तीन आठवडे एकच

तैवानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० ते ८३ वर्षांच्या, झोपेच्या तक्रारी असलेल्या साठ जणांपैकी काहींना रोज झोपताना ४५ मिनिटं शांत संगीत ऐकायला दिलं, तीन आठवडे. सहा टेपमधून आवडीची टेप त्यांनी स्वतः निवडायची होती. त्यांची झोप सुधारली, आणि ती आठवड्यागणिक सुधारत गेली. यातून मी दोन गोष्टी उचलल्या. निवड झोपणाऱ्याची हवी, मुलीची नव्हे, मालकंसाच्या रात्री माझं हेच चुकलं होतं. आणि पहिल्या रात्रीवरून निकाल लावायचा नाही.

तेव्हा एक तुकडा ठरवा आणि तीन आठवडे तोच लावा, त्याच वेळी, दिवा मालवल्यावर. तो दिवसा ऐकू नका, स्वयंपाक करताना तर नाहीच. त्याचा संबंध फक्त अंथरुणाशी राहू द्या. सकाळी वहीत एक ओळ लिहा: तुकडा संपलेला ऐकला की नाही. रात्री घड्याळ बघायची गरज नाही, ही एक ओळ पुरते. तुकडा दोनदा संपूनही जागेच असाल तर तिसऱ्यांदा लावू नका. उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, पापण्या जड झाल्या की परत या. तीन आठवड्यांनी वहीत "संपलेला ऐकला" असंच दिसत असेल तर तुकडा बदला, आलाप चालत नसेल तर तानपुरा धरा.

आईने शेवटी भूप निवडला, तोही वीणेवरचा नाही, लांब बासरीवरचा. मी अठरा मिनिटांचा तुकडा कापून दिला, शेवटची तीन मिनिटं उतरती. गुडघा कधीच बरा झाला, ती आता जिने चढते. परवा मावशीकडे मुक्कामाला गेली आणि रात्री दहाला तिचा फोन: "ते माझं गाणं हिच्या फोनवर कसं घालायचं गं?" मी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली आणि मावशीला टायमर कुठे असतो ते सांगितलं.